फोन कोणाचा, जबाबदारी कोणाची?

आजचे युग वेगाचे आहे असे आपण नेहमी म्हणतो. या वेगाची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी मांडायला हवा.

कॉलेज सुटल्यावर मी रविवार पेठेतील एका घाऊक दुकानात जमाखर्च लिहितो. माल घेऊन टेम्पो गोव्याला निघाला की चालकाला फोन करण्याचे काम माझ्याकडे असते. "मामा, कुठवर आलात?" कधी कन्नडमधून, "एल्लि अदीरी?" गेल्या पावसाळ्यात उत्तर देता देता मामा एकदम गप्प झाले. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "काही नाही बाळ, घाटात गाय आडवी आली." फोन त्यांच्या हातात होता खरा, पण लावला होता मी!

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत 50 मीटर पुढे जाते. फोनवरचे नाव वाचण्यात तेवढा वेळ सहज जातो. इअरफोन लावला की धोका टळला, हीही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेयर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले आहे की, हात मोकळे असले तरी बोलण्यात गुंतलेल्या चालकाचे लक्ष रस्त्यावर पुरेसे राहत नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये गाडी चालवताना हातातील फोन वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्यास एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. हे झाले चालकाचे. पण कलम 188 प्रमाणे या गुन्ह्यास साहाय्य करणाऱ्या वा चिथावणी देणाऱ्यासही तीच शिक्षा आहे. गाडी चालू आहे हे ठाऊक असून फोन घ्यायलाच लावणारा मालक या कलमापासून कितीसा दूर उरतो? ब्रिटनच्या 2003 च्या नियमात तर चालकाला हातातील फोन वापरायला लावणारा किंवा वापरू देणाराही दोषी धरला आहे. शिवाय नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीची भरपाई मालकावर येते, हे तत्त्व आपण परीक्षेसाठी पाठ करतोच.

मी हे बोललो तेव्हा मालक म्हणाले, "गिऱ्हाईक विचारतं, त्याला काय सांगू?" त्यांची अडचण खोटी नाही. पण उपाय सोपा आहे. जांबोटी, साखळी असे थांबे ठरवावेत आणि तेथून चालकानेच फोन करावा. मध्ये फोन न उचलल्याबद्दल बोलणी नकोत, पगारात कपात नको.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी मालक होईल, कोणी व्यवस्थापक. मालाचा विमा उतरवता येतो, नफ्यातोट्याचा मेळ घालता येतो. पण मामांच्या घरी जी वाट पाहिली जाते, तिची नोंद कोणत्या खात्यात करणार? म्हणून फोन लावण्यापूर्वी एवढेच विचारू या, गाडी थांबली आहे ना?