.१७७ की .२२? पेडणे-डिचोलीच्या शेतकऱ्याचा प्रश्न छर्ऱ्याने सुटणार नाही

भात पोटरीला आलं की रानडुक्कर, केळीला घड धरला की माकड, नारळ कोवळा असतानाच शेकरू आणि भाजी लावली की मोर. पेडणे आणि डिचोलीतल्या शेतकऱ्याला हे वेळापत्रक तोंडपाठ आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सिंधुदुर्गातला ओंकार हत्तीच पेडण्यात उतरला. अशा वेळी वैतागलेला माणूस विचारतो, परवान्याशिवाय मिळते ती छर्ऱ्याची बंदूक घेऊ का? आणि घेतली तर .१७७ ची की .२२ ची?

प्रश्न साधा वाटतो. पण त्यात तीन वेगळे प्रश्न लपले आहेत. बंदूक बाळगता येते का, तिने जनावर पडतं का आणि ते मारायची मुभा आहे का? दुकानात मिळतं ते फक्त पहिल्याचं उत्तर.

परवाना कशाला लागतो?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल परवान्यातून सुटते. .२२ म्हणजे ५.५ मिलिमीटर. तिला परवाना लागतो. तो मिळाला तरी तो शस्त्र बाळगण्याचा परवाना असतो, शिकारीचा नव्हे. शिवाय परवाना कुठल्या हद्दीत चालतो हे त्यावरच लिहिलेलं असतं. दोडामार्गातला परवाना खिशात आहे म्हणून डिचोलीत बंदूक खांद्यावर टाकून फिरता येईलच, असं नाही.

छर्रा नेमका कसा जातो?

आता दुसरा प्रश्न. .१७७ चा साधारण छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. २० ज्यूलच्या ताकदीने तो सेकंदाला साधारण २७५ मीटर वेगाने सुटतो. आकार डमरूसारखा असल्याने हवा त्याला लगेच अडवते. नेम २५ मीटरवर जुळवला असेल, तर ५० मीटरवर तोच छर्रा सुमारे १० सेंटिमीटर खाली लागतो. .२२ चा छर्रा जवळपास दुप्पट जड. त्याच ताकदीत तो सेकंदाला २०० मीटरच्या आसपास सुटतो आणि ५० मीटरवर घसरणही सुमारे दुप्पट होते. म्हणजे .१७७ सरळ जातो पण हलका, .२२ जड पण लवकर खाली येतो. वर वाऱ्याचा झोत आला की दोन्ही बाजूला सरकतात. अंतराचा अंदाज पाच-दहा मीटरने चुकला तरी नेम चुकतो, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात कुळागरात अंतर अचूक कोण मोजतो?

ताकदीचा हिशेब तर आणखी सरळ आहे. साध्या .२२ काडतुसाच्या रायफलीची गोळी १५० ज्यूलच्या आसपास ताकद घेऊन निघते. बारा बोअरच्या काडतुसाची ताकद अडीच-तीन हजार ज्यूलपर्यंत जाते. त्यापुढे २० ज्यूल म्हणजे काहीच नाही. पूर्ण वाढलेल्या रानडुकराची खांद्यावरची जाड कातडी आणि खालची चरबी भेदून हा छर्रा काळजापर्यंत पोचत नाही. डुक्कर पडत नाही, जखमी होतं. ते झुडपात शिरतं, जखम चिघळते आणि दुसऱ्या दिवशी शेणी-लाकडं गोळा करायला गेलेल्या बाईसमोर तेच जनावर उभं राहतं.

डुकराला न पुरणारा हाच छर्रा माणसाचा डोळा मात्र सहज घेतो. नेम चुकला तर तो दोन-तीनशे मीटर पुढे जाऊ शकतो, आणि आपल्याकडे कुळागराच्या पलीकडे लगेच वाडा असतो.

दहा मीटरवर कागदी लक्ष्य भेदणं हे .१७७ चं खरं काम. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. नेमबाजी शिकायची असेल तर ही बंदूक उत्तम, शेत राखायला नाही.

मारायची मुभा कोणाला?

वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. मोर, गवा आणि आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड पहिल्या अनुसूचीत आहेत, रानडुक्कर दुसऱ्या. शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फासा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. इतर गुन्ह्यांत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'बंदुकीला परवाना लागत नाही' हा बचाव इथे चालत नाही.

मात्र कायद्यात एक वाट आहे. कलम ११ प्रमाणे दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला घातक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी कारणासह मारायची परवानगी देऊ शकतो. म्हणजे रानडुकराबाबत वाट खुली आहे. माकड-मोराबाबत नाही, कारण पहिल्या अनुसूचीला पिकाचं नुकसान हे कारण पुरत नाही.

केरळने काय केलं?

गोव्यात २०१६ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी मोर, रानडुक्कर वगैरेंना उपद्रवी ठरवायची भाषा केली. मोराचं नाव आल्याने देशभर गदारोळ झाला आणि डुकराचा मुद्दा त्यातच वाहून गेला. कुणाला उपद्रवी जाहीर करायचं हे केंद्राच्या हातात आहे. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकडं ठराविक भागांपुरती तशी जाहीर केली होती.

केरळने दुसरी वाट धरली. मे २०२२ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने रानडुक्कर मारण्याचा हुकूम द्यायचा अधिकार पंचायत-पालिकांच्या प्रमुखांना दिला. गोळी कुणीही घालत नाही, परवानाधारक बंदूकवाला घालतो आणि नोंद ठेवावी लागते. सगळं सुरळीत झालं असं नाही. पण तक्रार घेऊन जायला गावातच एक दार उघडलं.

आपल्याकडे ते दार कुठलं? नुकसान झालं की शेतकरी वनखात्याकडे जातो, तिथून कृषी खात्याकडे. पंचनामा होईपर्यंत डुक्कर आणखी दोनदा येऊन जातं. हा उशीर आणि अविश्वास काय करतो हे जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत दिसलं. सत्तरीतल्या त्या गावात विषाने चार वाघ मेले. गुरं मारली गेल्याचा राग त्यामागे होता.

म्हणून मागणी बंदुकीची नको, परवानगीच्या व्यवस्थेची हवी. तालुक्याला एक अधिकारी, ज्याला कलम ११ खाली रानडुकरापुरता निर्णय ठरलेल्या दिवसांत द्यावा लागेल. पंचायतीकडे नोंद झालेले, वनखात्याने तपासलेले परवानाधारक. आणि पंचनाम्याला मुदत. हा ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

तोपर्यंत शेतकऱ्याने काय करावं? नुकसान झाल्या दिवशीच फोटो काढून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सौर कुंपणाच्या अनुदानाची कृषी कार्यालयात चौकशी करावी. शक्य तर शेजारच्या चार-पाच बागायतदारांनी मिळून एकच सलग कुंपण घालावं. तुटक कुंपणातून डुक्कर बरोबर वाट काढतं. बंदुकीवर घालायचे पैसे तिथे घातले तर निदान पीक तरी घरी येईल.