मागचे स्पीकर आणि आईंची खुर्ची

घरात नवी वस्तू आली की चार दिवस तिचं कौतुक होतं आणि पाचव्या दिवशी तिच्यावरून कुरबुर सुरू होते, हा अनुभव तुम्हालाही असेलच. गेल्या दिवाळीत आमच्याकडे टी.व्ही.साठी होम थिएटर आलं. टी.व्ही.पुढे ठेवायचा लांबट साउंडबार, मागे ठेवायचे दोन वायरलेस स्पीकर आणि घुमणाऱ्या, खर्जातल्या आवाजासाठी एक सबवूफर. ह्या मांडणीला ५.१ म्हणतात. समोरून तीन आणि मागून दोन मिळून पाच, आणि पुढचा तो एक म्हणजे सबवूफर.

पहिला फटका ‘वायरलेस’ ह्या शब्दानेच दिला. भिंतीवर वायरींचं जाळं नको म्हणून मी खूश होते. खोकं उघडलं तर मागच्या प्रत्येक स्पीकरला विजेची वायर आहेच! बिनतारी येतो तो फक्त आवाज, वीज नव्हे. काही संचांत मागच्या दोघांना मिळून एक डबी असते. प्लग त्या डबीला आणि तिच्यापासून स्पीकरपर्यंत साध्या वायरी. तेव्हा खरेदीला जाण्यापूर्वी आपल्या खोलीत मागच्या बाजूला प्लग कुठे आहेत ते पाहून ठेवा, आणि दुकानदाराला हे विचारायला मुळीच लाजू नका.

आमच्या हॉलमध्ये मागे एकच प्लग, तोही आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खुर्चीपाशी. ह्यांनी एक स्पीकर तिथेच तिपाईवर ठेवला आणि दुसरा एक्स्टेंशन बोर्ड लावून लोखंडी कपाटावर. जोडणी तशी सोपी. साउंडबारची वायर टी.व्ही.च्या ‘एचडीएमआय एआरसी’ लिहिलेल्या खाचेत लावायची, सगळ्यांना वीज द्यायची, आणि लुकलुकणारे दिवे स्थिर झाले की स्पीकर एकमेकांशी जुळले असं समजायचं. मुलांनी लगेच विमानं उडवली, पाऊस पाडला. घर नुसतं दणाणून गेलं.

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की जेवणं झाल्यावर आई हॉलमध्ये बसेनाशा झाल्यात. आपलं ताट उचलून ठेवलं की सरळ खोलीत. मी विचारलं, “आई, आज मालिका नाही बघायची?”

“नको गं, तुमचं चालू दे. आवाज येतो, पण शब्द येत नाहीत.”

ह्यांना वाटलं, आवाज कमी पडतोय. रिमोटवरचा आकडा २८ वर गेला. तशी आईंनी खोलीचं दार लावून घेतलं. १९७५ च्या ‘शोले’चा स्टीरिओफोनिक आवाज मिनर्व्हा थिएटरात ऐकल्याचं अजून रंगवून सांगणारी ही बाई, आणि घरात थिएटर आल्यावर दाराआड बसलेली! मला काही ते चैन पडू देईना.

उलगडा झाला तो शाळेत. आठवीच्या वर्गात मागच्या बाकांवर गलका चालला होता. मी आवाज चढवला, तसा त्यांनीही चढवला. पुढच्या बाकांवरच्यांना माझं ऐकू येत होतं, मागच्यांना नुसता गोंगाट. अहो, आमच्या हॉलमध्ये तरी दुसरं काय होत होतं? पात्रांचे संवाद मुख्यतः समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात. मागच्यांकडे पाऊस, वारा, गर्दी, पार्श्वसंगीत. एकूण आवाज वाढवला की गलकाही तितकाच वाढतो, आणि तो आईंच्या कानापासून हातभर अंतरावर! शिवाय वयानुसार कानाला आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, क ही व्यंजनं ओळखायला तेच आवाज लागतात. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाहीत.

रविवारी आम्ही मांडणी बदलली. आईंची खुर्ची हलवायची नाही, स्पीकर हलवायचे, हे मी आधीच बजावलं होतं. अंश-कोनाच्या भानगडीत न पडता घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. मधोमध आपण बसलोय आणि टी.व्ही. बारावर आहे. मग मागचे स्पीकर साडेतीन-चार आणि आठ-साडेआठच्या जागी हवेत, म्हणजे बाजूला आणि जरासे मागे. उंची बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडी वर. तिपाईवरचा स्पीकर आम्ही भिंतीवर फळी ठोकून वर नेला आणि खुर्चीपासून चांगला चार फूट दूर.

दुसरा स्पीकर लोखंडी कपाटावरून पुस्तकांच्या लाकडी फळीवर आणला. मी मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवायला ठेवलं की तो तुटक बोलायचा. बरेच वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, आणि मायक्रोवेव्हचं कामही त्याच्याच आसपास चालतं. वायफायचा राउटर साउंडबारला चिकटून होता, तोही बाजूला केला. मध्ये लोखंडी वस्तू नको आणि राउटर चार हात लांब, एवढं पाळा. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की जास्त घुमतो, म्हणून तो कोपऱ्यातून आणि शेजाऱ्यांच्या भिंतीपासून दूर सरकवला. गुळगुळीत फरशीवरून आवाज उसळतो, म्हणून जाड सतरंजी अंथरली आणि खिडकीला जाड पडदा लावला.

मग रिमोट घेऊन बसलो. मागच्या स्पीकरांचा आवाज चार घरं खाली, मधल्याचा दोन घरं वर. सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय असते, ती चालू केली. ‘नाइट’ अशी आणखी एक सोय असते. तिने मोठे धमाके दबतात आणि हळू बोलणं वर येतं. रात्री तीच लावा. हे सारं करताना आईंनाच त्यांच्या खुर्चीत बसवलं होतं. मी विचारायची, “आता काय म्हणाला तो?” आणि त्या वाक्य सांगायच्या. चौथ्या खेपेला सबंध वाक्य आलं.

एक मात्र सांगते. स्पीकरने कान दुरुस्त होत नाहीत. आईंना आम्ही कानाच्या डॉक्टरांकडेही नेलं आणि तपासणी करून घेतली. घरात कुणी टी.व्ही.समोरून उठून जाऊ लागलं, तर ‘लहरी स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नका.

आता आकडा १७ वर असतो. परवा मालिका ऐन रंगात आली असताना आई म्हणाल्या, “अगं, जरा हळू कर. शेजारी काय म्हणतील?”

मी मुकाट्याने १५ वर आणला.