तट्टाचे खूर आणि आपला गूळ



उसाचा दर, पाणीपाळी आणि खोडव्याची राखण यांखेरीज या पानावर दुसरा विषय सहसा येत नाही. आज तट्टाविषयी लिहीत आहोत, तेव्हा काही जण हसतील. हसू द्या. तोडणी झालेल्या रानात मेंढरं बसवायला जे धनगर बांधव येतात, त्यांचं सारं बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर असतं. आपल्यातल्या काहींच्या दावणीलाही हौसेचं तट्टू नाहीतर वरातीची घोडी बांधलेली आहे.

गेल्या हंगामात आमच्या पाहण्यातलं असंच एक तट्टू गेलं. मालकाचा त्यावर फार जीव. रोज उसाच्या कांड्या, वर गुळाचा खडा, सणावाराला बाजरीचा मलिदा. मान लोण्यासारखी फुगली होती. लोक कौतुक करायचे. एका सकाळी ते जागचं हलेना. पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागच्या पायांवर घेतलेला, आणि खुरांना हात लावला तर चटका बसावा असे गरम. चौघे जमले. कोणी म्हणालं, चालवा, मोकळं होईल. कोणी विटेचा शेक द्यायला लावला. शेवटी ठरलं की अंगात उष्णता झाली आहे, लंघन द्या. त्या चौघांत आम्हीही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पाचव्या दिवशी पशुवैद्य आले. त्यांनी रक्त काढून नळीत ठेवलं, तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं. लठ्ठ तट्टाला उपाशी ठेवलं की अंगातली चरबी सुटून रक्तात उतरते, आणि ती त्याच्या जिवावर उठते. आम्ही औषध म्हणून जे केलं, त्यानंच ते गेलं.

या रोगाला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे जे नाजूक पापुद्रे असतात, त्यांना सूज येते आणि ती पकड सुटू लागते. मग हाड आत फिरतं, नाहीतर खाली बसतं. अशा जनावराला चालवणं म्हणजे ती पकड आपल्या हातानं तोडणं. कोठीतलं धान्य एकदम जास्त खाल्लं किंवा व्याल्यावर वार अडकली, तरी हा रोग होतो. पण तट्टांत मुख्य कारण गोडाचं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिन वाढतं ठेवून पाहिलं. तीन दिवसांच्या आत त्यांचे खूर धरले. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चार किलो कांड्या घातल्या की जवळजवळ अर्धा किलो साखर घातली, हा हिशेब मात्र दावणीपाशी कोणी करत नाही.

आता झाडपाल्याचं. घरगुती उपायांना आम्ही नावं ठेवत नाही. पण हळदीचा लेप खुराच्या कवचाआड पोचत नाही, आणि डागण्यानं दुखण्यावर दुसरं दुखणं चढतं. खरा नैसर्गिक उपाय साधा आहे, म्हणूनच तो कोणाला औषध वाटत नाही. ऊस, गूळ, धान्य त्याच दिवशी बंद. लुसलुशीत हिरवा चारासुद्धा नको. वाळलेलं मारवेल किंवा पवना गवत तासभर पाण्यात भिजवावं आणि ते पाणी फेकून द्यावं, म्हणजे गवतातली साखर बरीच उतरते. उन्हाळ्यात जास्त वेळ भिजवू नये, आंबतं. दोनशे किलोच्या तट्टाला दिवसाला तीन किलोच्या आसपास वाळलं गवत, थोडं थोडं करून. उपाशी मात्र ठेवायचं नाही. पायाखाली वाळूचा किंवा भुश्शाचा जाड थर घालावा. धान्य खाऊन हे झालं असेल, तर पहिले दोन-तीन दिवस खूर बर्फाच्या पाण्यात अखंड ठेवल्यानं फार फरक पडतो. पाटाचं पाणी तेवढं गार नसतं.

एवढं करत असतानाच डॉक्टरला बोलवावं. झाडपाल्यावर आठ दिवस काढून मग नव्हे. वेदना कमी करायचं औषध त्यांच्याच हातून द्यावं, घरातल्या माणसाची गोळी देऊ नये. नालबंदाकडून खुराचा पुढचा भाग छाटून घ्यायचा, तोही डॉक्टरांना दाखवून, जमल्यास एक्स-रे काढून. नालबंद आता गावोगाव राहिले नाहीत ही अडचण खरी आहे. तालुक्याच्या बाजाराला कोण येतो, हे आजारापूर्वीच विचारून ठेवलेलं बरं.

खूर वरून खालपर्यंत नवा उगवायला सुमारे वर्ष लागतं. तोवर पाठीवर ओझं नाही, वरात नाही. धनगर बांधवाला हे परवडणारं नाही, ते आम्हाला कळतं. म्हणून मेंढरं रानात बसली असताना पोराबाळांनी त्यांच्या तट्टाला प्रेमानं कांड्या चारायला नेल्या, तर त्यांना तिथंच थांबवा आणि गवताची पेंढी हातात द्या.