कॅसेट तुमची, पण नक्कल कुणाची?

व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट कपाटात पडून आहे, यंत्र बंद पडले आहे आणि तोच खेळ इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतो. मग घेतला तर बिघडले कुठे? एकदा पैसे मोजलेलीच वस्तू पुन्हा घेतो आहोत, यात चोरी कसली? हा युक्तिवाद मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत, कॉम्प्युटरच्या गाळ्यांत आणि घराघरांतील मुलांच्या तोंडी सर्रास ऐकू येतो. त्याला आणखी एक शेपूट जोडलेले असते. चोवीस तासांच्या आत फाईल पुसून टाकली की गुन्हा होत नाही म्हणे! अशी सवलत ना भारताच्या कायद्यात आहे, ना अमेरिकेच्या. ती निव्वळ बाजारगप्प आहे.

खरे तर आपण कापडवाल्यांना हा प्रश्न लवकर समजायला हवा. गिऱ्हाईक साडी घेऊन गेले की साडी त्याची झाली. ते ती नेसेल, विकेल किंवा फाडून उशीचे अभ्रे शिवेल. कुणी विचारणार नाही. पण त्या साडीवरचे नोंदलेले डिझाईन छापून शंभर साड्या काढण्याचा हक्क साडीबरोबर जात नाही. एवढे मात्र खरे की आपल्या धंद्यात नकलेकडे फारसे वाकड्या नजरेने पाहिले जात नाही. त्याला कारणही आहे. नोंदणी न केलेल्या डिझाईनचा माल मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर पन्नासाहून अधिक वेळा काढला की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यावरचा कॉपीराइट संपतो. व्हिडिओ गेमच्या प्रोग्रामला हे पन्नासाचे माप लागू नाही. कायदा संगणकाच्या प्रोग्रामला पुस्तकाच्या पंगतीत बसवतो आणि तो हक्क वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून कापडाच्या बाजारातली सवय घेऊन या बाजारात उतरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने असे आले की प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून जादा प्रत काढून ठेवता येते. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी एक सवलत दिली. स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी, नक्कल करण्यास मोकळीक मिळाली. दोन्ही ठिकाणी कायद्याने एकच शब्द जपून वापरला आहे: प्रत काढायची ती ‘त्या प्रतीवरून’. म्हणजे तुमच्या कॅसेटमधून तुम्ही खेळ उतरवून घेतला तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. परक्या माणसाने परक्या कॅसेटमधून उतरवून इंटरनेटवर टांगलेली फाईल घेतली, तर ती तुमच्या प्रतीची नक्कल नव्हे. घरगुती वापरासाठीची जी सर्वसाधारण सवलत पुस्तकांना किंवा गाण्यांना आहे, तिच्यातून संगणकाचा प्रोग्राम कायद्याने नाव घेऊन वगळला आहे. म्हणून त्या दारानेही आत जाता येत नाही.

कुणी म्हणेल, दोन्ही फाईली अक्षराला अक्षर सारख्याच, मग हा शब्दांचा खेळ कशाला? अमेरिकेत याच शंकेवर मोठा खटला झाला, खेळांवरून नव्हे तर गाण्यांवरून. एमपीथ्री डॉट कॉम या कंपनीने २००० साली हजारो सीडी विकत आणल्या, त्यातील गाणी आपल्या संगणकांवर चढवली आणि ज्याने आपल्याकडे तीच सीडी असल्याचे दाखवले त्यालाच ती ऐकू दिली. फुकट्याला दारात उभे केले नाही. तरीही न्यूयॉर्कच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले, कारण नक्कल गिऱ्हाइकाने नव्हे तर कंपनीने केली होती. एकट्या युनिव्हर्सल कंपनीशी तडजोड करताना तिला ५ कोटी ३४ लाख डॉलर मोजावे लागले. इतका चोख हिशेब ठेवणाराही सुटला नाही, तर कुणालाही काहीही वाटणाऱ्या खेळांच्या साइटींचे काय होणार? निन्टेन्डो कंपनीने २०१८ साली अशा दोन साइटी चालवणाऱ्या अमेरिकेतील जोडप्यावर दावा लावला. साइटी बंद झाल्या आणि १ कोटी २२ लाख डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा निघाला.

‘माझ्याकडे कॅसेट आहे’ असे म्हणणाऱ्याने ती कॅसेट एकदा उलटून पाहावी. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या ज्या कॅसेटी आपल्याकडे आल्या, त्यांच्यावर ९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. लावून पाहिले तर तेच पंधरा-वीस खेळ पुन्हा पुन्हा येत. तसल्या बहुतेक कॅसेटी मुळात विनापरवाना होत्या. नकली मालाची पावती असली तरी माल अस्सल होत नाही, आणि अशा कॅसेटीवरून केलेल्या प्रतीला कलम ५२ ची सवलत मिळत नाही.

घरी बसून एखादा खेळ उतरवणाऱ्या पोरापेक्षा मला चिंता आहे ती दुकानदाराची. पन्नास-शंभर रुपये घेऊन पेन ड्राइव्ह भरून देणारे, हजारो खेळ भरलेल्या काड्या टीव्हीला लावायला विकणारे, यांत आपली मुले पुष्कळ आहेत. ‘गिऱ्हाइकाकडे मूळ कॅसेट आहे, आम्ही फक्त सोय करून देतो’ हे त्यांचे उत्तर तयार असते. वरचा निकाल पाहिला तर हे उत्तर किती पोकळ आहे ते कळते. आपल्याकडे जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग करणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नकली प्रोग्राम जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यासाठी कलम ६३-ब वेगळे आहे. त्यात कैद किमान सात दिवसांची. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सबळ कारण नोंदवून कैद माफ करू शकते. दुकान मांडून बसलेल्याला ही पळवाट नाही. त्यातच मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामिनासाठी न्यायालयात उभे राहावे लागते. शंभर रुपयांच्या गिऱ्हाइकीसाठी वकिलाची फी कोण भरणार?

एवढे सांगूनही कंपन्यांची बाजू निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळतच नाहीत असे आढळले. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांचे ऑनलाइन दुकान बंद केले. व्यापाऱ्याने माल विकायचाही नाही आणि दुसऱ्याला घेऊही द्यायचा नाही, हा कुठला व्यापार? माझे स्पष्ट मत आहे की मालकाने विक्री थांबवून काही ठरावीक वर्षे लोटली, की अस्सल प्रत बाळगणाऱ्याला तिची नक्कल कुठूनही घेण्याची मोकळीक कायद्याने द्यावी. पण ही मागणी संसदेकडे करायची असते. ती मंजूर झाल्याचे धरून दुकान उघडायचे नसते.

मग ज्याची कॅसेट खरोखर अस्सल आहे, त्याने काय करावे? अमेरिकेत त्याची अडचण आहे. तेथे १९८३ साली अटारी कंपनीच्या खटल्यात, कॅसेटमधील चिप सहसा बिघडत नाही, तेव्हा जादा प्रतीची गरज नाही, असे सांगून न्यायालयाने कॅसेटची नक्कल करणाऱ्या यंत्राची विक्री रोखली होती. कॅसेटमधून फाईल काढून देणारी छोटी यंत्रे आज मिळतात. खेळाला कंपनीने कुलूप घातले असेल तर ते तोडणे १९९८ पासून अमेरिकेत जवळजवळ बंदच आहे. भारताने मात्र २०१२ च्या दुरुस्तीत शहाणपण दाखवले. कलम ६५-अ प्रमाणे कुलूप तोडणे गुन्हा ठरते ते हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायद्याने न रोखलेल्या कामासाठी तोडले तर नाही.

येथे आपल्या दुरुस्तीवाल्यांना सरळ धंदा आहे. गिऱ्हाइकाने स्वतःची अस्सल कॅसेट किंवा सीडी घेऊन यावे, प्रत त्याने आपल्या हाताने काढावी आणि दुकानदाराने कुलूप उघडण्यापुरती मदत करावी. मात्र अशी मदत करणाऱ्याने गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशी अट त्याच कलमात आहे. तेव्हा गल्ल्याशेजारी एक जाड वही ठेवावी आणि हे चारही रकाने भरल्याशिवाय कामाला हात लावू नये.