आरमाराचा अभिमान आणि आरमाराचा विसर

गेल्या शिवजयंतीस पाथरी येथील एका सभेचे अध्यक्षस्थान आमच्याकडे आले होते. तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही छत्रपतींच्या आरमाराचा मोठ्या आवेशाने गौरव केला. सभा संपल्यावर आम्ही त्यांस सहज विचारले की, मुंबईच्या माझगाव गोदीत अलीकडे सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या व त्यांतील एकीचे नाव खांदेरी आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? पहिल्यास ठाऊक नव्हते, दुसऱ्याने कोठेसे वाचले होते, तिसरा हसून म्हणाला, "सर, समुद्र आपल्यापासून किती लांब! आपल्याला त्याचे काय?"

ह्या उत्तराचा आम्हांस राग आला नाही. १९४८ पर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि अखेरच्या काळी त्या राज्यास समुद्र म्हणून नव्हताच. परंतु ज्या जिभेने घटकाभरापूर्वी आरमाराचा जयघोष केला, त्याच जिभेने हे उत्तर द्यावे, ह्याचे मात्र वैषम्य वाटले. गतकालाचा अभिमान आणि वर्तमानाविषयी औदासीन्य ह्या दोन वृत्ती आपल्या सुशिक्षित समाजात एकाच घरी सुखाने नांदतात, आणि त्या नांदणुकीविरुद्धच आमची ही तक्रार आहे.

खांदेरीचाच इतिहास पाहावा. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर महाराजांनी तटबंदी आरंभिली, तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजे आडवी घातली. मराठ्यांच्या होड्या लहान व उथळ. परंतु रात्रीच्या काळोखात पहारा चुकवून त्या बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. बलाढ्याच्या नजरेस न पडता आपले कार्य साधणे, हेच पाणबुडीचेही तत्त्व होय. आता ह्याच इतिहासाचे दुसरे पान उलटावे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. जाळणारे इंग्रज होते. पण त्यांस साहाय्यास बोलावणारे आपलेच पेशवे होते. गलबते जळाली ह्याचे दुःख आपण करतो. परंतु गलबते पुन्हा बांधता येतात. ती बांधणाऱ्या हातांची परंपरा तुटली म्हणजे ती जोडावयास पिढ्या लागतात, आणि आपण मराठे ती कधीच जोडू शकलो नाही.

हीच चूक स्वतंत्र भारताने, कोणी शत्रू दारात नसता, स्वहस्ते केली. १९८१ साली जर्मन कंपनीशी करार होऊन दोन पाणबुड्या कील येथे व दोन माझगावात बांधावयाच्या ठरल्या. आपले कारागीर जर्मनीस जाऊन ती विद्या शिकून आले. १९९२ च्या फेब्रुवारीत शाल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली आणि १९९४ च्या मे महिन्यात शंकुल. तोवर १९८७ मध्ये दलालीचे आरोप होऊन गदारोळ उठला होता, आणि पुढच्या दोन नौकांचा बेत मागे पडला. दलालांची चौकशी अवश्य व्हावी. पण उंदीर झाले म्हणून आपण घरच पेटवून दिले. सहा पाणबुड्यांचा नवा करार व्हावयास २००५ साल उजाडले. पहिली नौका २०१२ अखेर मिळावयाची, ती कलवरी मिळाली १४ डिसेंबर २०१७ रोजी! शंकुलपासून तेवीस वर्षांनी. मध्यंतरीच्या काळात जर्मनीहून शिकून आलेले हात पांगले, थकले, निवृत्त झाले. विद्या पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली.

कोणी म्हणेल, एवढे त्यात शिकण्यासारखे काय आहे? लोखंडाचीच नळी ना? पाण्यात दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीनशे मीटरांवर कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे तीनशे टन भार येतो. त्या कवचाचा प्रत्येक सांधा कोणा वेल्डरच्या हातचा असतो, आणि आतल्या माणसांचा जीव त्या सांध्याच्या भरवशावर असतो. ही विद्या पुस्तकात नसते. गुरूच्या हातून शिष्याच्या हाती जाते. आमच्याच गोदेच्या वरच्या अंगास पैठण आहे. तेथील पैठणीचे माग थंडावले, तेव्हा ती कला पुन्हा शिकविण्यासाठी सरकारास केंद्र उघडावे लागले. रेशमाची ही कथा, तर पोलादाची काय असेल?

दुसरा आक्षेप असा की, बांधण्याची यातायात कशाला, विकत घ्याव्यात. विकत घेतलेली नौका मिळते; तिच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची व पुढच्या सुधारणेची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात राहते. युद्ध मात्र त्याच्या सवडीने होत नसते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर ह्या एकाच पाणबुडीने आपली खुकरी बुडविली. अठरा अधिकारी व एकशे शहाहत्तर नाविक गेले. हंगोरचा कसून शोध झाला, पण ती निसटली. पाण्याखालचे एक गलबत काय करू शकते, हे आपण इतके मोल देऊन शिकलो आहो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, व तो आमच्या अंगणातलाच आहे. मराठवाड्यातला शेतकरी कर्जात बुडत असता समुद्रात कोट्यवधी रुपये का बुडवावे? ह्या प्रश्नाची टर उडविणारे देशभक्त आम्हांस मान्य नाहीत. खर्चाचा हिशेब मागण्याचा शेतकऱ्यास पूर्ण अधिकार आहे. परंतु त्याच्या पंपाचे डिझेल ज्या कच्च्या तेलातून निघते, त्याचा फार मोठा भाग समुद्रमार्गे येतो. त्याच्या खताच्या गोणीतले पोटॅशही समुद्रापलीकडचे. ती वाट अडली तर पहिला फटका पाथरीच्या बाजारात बसेल. हिशेब मागावयाचाच, तर तो विलंबाचा मागावा. कारण थांबलेली गोदी व विसरलेली विद्या ह्यांच्याइतका महाग खर्च दुसरा नाही.

आणि चूक तरी संपली काय? वाघशीर ही सहावी नौका १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. पुढच्या सहांसाठी २०२१ च्या जुलैत निविदा निघाली होती. पण वाघशीर दाखल झाली त्या दिवशीही करारावर सही झालेली नव्हती. पुन्हा तेच रिकामे आवार, पुन्हा तेच पांगणारे हात!

दोष एकट्या सरकारवर ढकलून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. काही वर्षांपूर्वी एक पालक आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले होते. मुलाचे हात कुशल होते. त्यास वेल्डिंगचे शिक्षण घ्यावयाचे होते. आम्ही मोठ्या शहाणपणाचा आव आणून त्यास पदवीचा मार्ग दाखविला. आज तो पदवीधर आहे आणि नोकरीच्या शोधात आहे. हाताच्या विद्येस हलके लेखणारा आमचा सुशिक्षित वर्ग आरमाराचे पोवाडे ऐकून माना डोलावतो, पण घरातला मुलगा गोदीत जाऊ म्हणाला की त्यास कुळाची अप्रतिष्ठा वाटते. ज्या समाजास पोलाद सांधणाऱ्याचा मान राखता येत नाही, त्यास आरमाराचा अभिमान मिरविण्याचा अधिकार कोणी दिला?

पुढच्या शिवजयंतीसही सभा होईल, भाषणे होतील. आम्हांस पुन्हा अध्यक्ष केल्यास आम्ही वक्त्यांस आधी एकच विचारणार आहो: माझगावात पुढच्या पाणबुडीचे पोलाद कापले गेले काय? ज्यास उत्तर ठाऊक नसेल, त्याने त्या दिवशी आरमारावर बोलू नये. आणि त्या मुलाच्या वडिलांची गाठ पडली, तर आम्ही त्यांची क्षमा मागणार आहो.