काळ्या पडद्याचं सोवळं

“विंडोजवर वाढलेल्या पोराला युनिक्स झेपत नाही.” बीसीए, बीसीएस, इंजिनिअरिंग करणाऱ्या आपल्या पोरापोरींनी हे वाक्य कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. कधी कॉलेजच्या लॅबमध्ये, कधी मुलाखतीच्या टेबलापलीकडून, कधी फीचा आकडा सांगण्याआधी क्लासवाल्याच्या तोंडून. माणूस बदलतो, सूर तोच राहतो. हे तुमचं काम नाही, तुम्ही आपलं एक्सेल सांभाळा. मित्रांनो, हा सूर ओळखीचा वाटत नाही का?

हे वाक्य खोटं आहे. पण आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते खरं मानलंय आणि सर्व्हरची कामं दुसऱ्यांसाठी सोडून दिलीत, म्हणून हा लेख.

ते खरं का वाटतं? आपल्यापैकी बहुतेकांची कॉम्प्युटरशी पहिली ओळख एमएस-सीआयटीच्या वर्गात झाली. २००१ पासून हा कोर्स चालू आहे. सरकारी नोकरीच्या अटीत तो बसतो, म्हणून आईबापांनी पोटाला चिमटा काढून फी भरली. तिथे विंडोज शिकलो, वर्ड शिकलो, कोणत्या मेनूखाली काय आहे ते पाठ केलं. ते वाया गेलं असं मी म्हणत नाही. पण त्यातून एक सवय लागली. प्रश्न आला की आपण विचारतो, “कुठे क्लिक करू?” मशीन आत्ता काय करतंय, हा प्रश्न आपल्याला विचारायलाच शिकवलं नाही. युनिक्समध्ये अडतं ते इथे. बुद्धी कमी पडत नाही, सवय आड येते, आणि सवय मोडता येते.

आता जे लोक युनिक्सचं सोवळं करून बसलेत, त्यांना त्यांच्याच घरचा इतिहास सांगू. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झालं. विद्यापीठांना त्याचा सोर्स कोड मिळत होता. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स या शिक्षकाने १९७० च्या दशकात सहाव्या आवृत्तीचा कोड छापून त्यावर ओळीनिहाय भाष्य लिहिलं, आपल्या विद्यार्थ्यांसाठी. मग १९७९ ची सातवी आवृत्ती आली आणि मालक कंपनी एटी अँड टीने परवान्यात अट घातली की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. वापरा, पण आतलं शिकवू नका!

पोरांनी काय केलं? लायन्सच्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या. ते पुस्तक उघडपणे बाजारात यायला १९९६ साल उजाडलं, तोवर एक अख्खी पिढी त्या काळपट प्रतींवर शिकून मोठी झाली होती. ॲमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी वर्गात शिकवता यावं म्हणून १९८७ साली मिनिक्स नावाची छोटी प्रणाली स्वतः लिहिली. ते मिनिक्स वापरणाऱ्या हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, १९९१ साली लिनक्स सुरू केलं. त्याआधीच, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी सगळ्यांना वाचता येईल, बदलता येईल अशी युनिक्ससारखी प्रणाली उभारण्याची हाक दिली होती. या दोन कामांच्या जोडीतून आजचा लिनक्स सर्व्हर उभा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवर चालतं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या तळाशीही तेच आहे.

म्हणजे ज्ञानबंदी झुगारून जे वाढलं, त्याच्याच दारात उभं राहून आज कोणी तुम्हाला “तुमचं काम नाही” म्हणत असेल, तर तो स्वतः काय वापरतोय हे त्याला कळलेलं नाही.

हा इतिहास कामाला येतो, कारण उघडेपणा त्या प्रणालीच्या आतच आहे. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. आजही लिनक्सवर ‘मॅन’ लिहून पुढे आज्ञेचं नाव दिलं की तिचं पान समोर येतं. इंटरनेट नको, क्लास नको. त्या पहिल्या पुस्तिकेपासून पानांवर एक मथळा असायचा: ‘बग्ज’. आमच्या या आज्ञेत काय चुकतं, कुठे फसते, ते लिहिणाऱ्यांनीच तिथे नोंदवलेलं. स्वतःचे दोष स्वतःच छापणारा ग्रंथ! असे ग्रंथ आपल्या देशात किती झाले, हे ज्याचं त्याने मोजावं.

विंडोजकडून येणाऱ्याला पहिले काही दिवस विचित्र वाटतात, हे मान्य. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह नसतात. एकच झाड असतं, त्याचं मूळ तिरप्या रेघेने दाखवतात, आणि पेनड्राइव्हसुद्धा त्या झाडाची एक फांदी म्हणून जोडला जातो. कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरलं जातं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत, नवख्याला वाटतं कीबोर्डच गेला. काम नीट झालं तर बहुतेक आज्ञा काहीच बोलत नाहीत. ‘सक्सेसफुली’ची खिडकी पाहायची सवय असलेला माणूस तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसतो. ‘आरएम’ने पुसलेली फाइल कुठल्याही रिसायकल बिनमध्ये जात नाही. हे सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडतं. सेटिंग्जचं बरंचसं काम साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असतं, डोळ्यांनी वाचता येणाऱ्या. विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालताना जी धडधड होते, ती इथे होण्याचं कारण नाही. फाइलची एक प्रत काढून ठेवा आणि बदल करा.

आणि विंडोजवर शिकलेलं फुकट जात नाही. आयपी म्हणजे काय, डीएनएस काय करतं, सर्व्हिस बंद पडली म्हणजे काय, युजर आणि ग्रुप कशासाठी, हे सगळं तसंच पुढे येतं.

एक उदाहरण घेऊ. समजा एका संस्थेची वेबसाइट सकाळी बंद पडली. विंडोजच्या सवयीचा माणूस पहिलं काय करेल? रिस्टार्ट. युनिक्स शिकणाऱ्याने आधी विचारायचं. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ने सर्व्हिसची अवस्था बघा. ‘जर्नलसीटीएल’ने नोंदी वाचा. तिथे लिहिलेलं सापडतं की डिस्कवर जागा नाही. ‘डीएफ’ शंभर टक्के दाखवतं. ‘डीयू’ने फोल्डर मोजत गेलात की एक अवाढव्य लॉग फाइल सापडते. ती पुसली. पुन्हा ‘डीएफ’ केलं, तरी शंभर टक्केच! नवखा इथे डोकं धरून बसतो. विंडोजवर ‘फाइल वापरात आहे’ म्हणून बहुतेक वेळा पुसूच दिलं नसतं. युनिक्समध्ये पुसलं जातं ते फाइलचं नाव. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून धरलेली असेल, तर तो सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा सुटते.

आता बघा, सुरुवातीला लॉग पुसून सरळ रिस्टार्ट मारणाऱ्याचीही साइट चालू झाली असती. पण त्याला काहीच कळलं नसतं, आणि काही दिवसांनी तीच फाइल पुन्हा फुगली असती. ज्याने वाचलं, तो ‘लॉगरोटेट’ लावून मोकळा होतो. पगार मिळतो तो या फरकाचा.

दुसरी वाईट सवय परवानग्यांची. ‘परमिशन डिनाइड’ आलं की यूट्यूबवरचा कोणीतरी सांगतो, ‘चमोड ७७७’ मार. वाचणं म्हणजे ४, लिहिणं म्हणजे २, चालवणं म्हणजे १; बेरीज ७. तीनदा ७ म्हणजे मालक, गट आणि बाकी सगळे, तिघांनाही सगळं खुलं. घराची किल्ली हरवली म्हणून दारच काढून टाकण्याचा हा प्रकार. तीच गोष्ट सगळी कामं रूट होऊन करण्याची. साध्या खात्याने काम करा, लागेल तेवढ्यापुरतं ‘सुडो’ वापरा.

क्लासवाल्यांशी भांडून झालं, आता थोडं आपल्या घरात. आपल्या संघटना वर्धापन दिनाला वेबसाइट काढतात. उद्घाटन होतं, फोटो निघतात. सर्व्हरचा पासवर्ड ‘वेबसाइटवाल्या’कडे असतो. डोमेनचं बिल कोणाच्या नावावर येतं, कार्यकारिणीला ठाऊक नसतं. दोन वर्षांनी तो माणूस फोन उचलत नाही, आणि सभांचे अहवाल, जुन्या अंकांचे स्कॅन, कार्यकर्त्यांच्या मुलाखती, सगळं एका सकाळी गायब. हा हल्ला कोणी बाहेरून केलेला नसतो. भिंतीवर ‘शिका’ रंगवणाऱ्या आपल्या चळवळीत एका लिनक्स मशीनवर लॉगिन करणारा माणूस प्रत्येक तालुक्यात का नसावा? सोशल मीडियावर रात्रभर वाद घालायला वेळ आहे आणि ‘एसएसएच’ शिकायला नाही?

लॅपटॉप नाही, हे कारण अर्धंच खरं. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकलं की बऱ्याच मूळ आज्ञा सरावता येतात. विंडोज असेल तर त्याच्या आतच डब्ल्यूएसएल आहे, व्हर्च्युअलबॉक्सही फुकट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ न चालणारी कितीतरी चांगली मशीनं भंगाराकडे निघालीत. ती मागून आणा. त्यांच्यावर लिनक्स आरामात चालतं.

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण मॅनच्या पानांचं इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखाचं नाही. तेच तेच शब्द फिरून येतात. वही घ्या, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठीत त्याचं काम. जो पुढे गेला त्याने ती वही मागच्याला द्यावी. हो, झेरॉक्स काढून!

विहाराच्या अभ्यासिकेत रविवारी दोन जुनी मशीनं मांडा. एकाने दुसऱ्याचं खातं तयार करायचं, दुसऱ्याने एका फोल्डरची परवानगी मुद्दाम बिघडवायची, पहिल्याने नोंदी वाचून कारण शोधायचं. ‘७७७’ मारणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. महिन्याभराने संस्थेच्या वेबसाइटचा बॅकअप त्यातल्या एका मशीनवर चढवून बघा. पानं उघडली, तर त्या वेबसाइटवाल्याला फोन करून पासवर्ड मागून घ्या.