विश्लेषण : गेम ‘क्लाऊड’वर खेळायचा की डाऊनलोड करायचा?

करी रोडच्या चाळींत पागडी म्हणजे काय, हे कुणाला समजवावे लागत नाही. एकरकमी मोठी रक्कम मोजायची, दरमहा नाममात्र भाडे भरायचे आणि तरी मालक दुसराच. व्हिडीओ गेमचेही आता तसेच झाले आहे. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाऊड गेमिंग सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आली. जिओही अशी सेवा देते. महागडा संगणक न घेता मोबाइलवर मोठे गेम खेळा, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच.

क्लाऊड गेमिंगला काय लागते?

गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, मोबाइलवर येते ते फक्त चित्र. बटण दाबले की संदेश सर्व्हरकडे जातो आणि बदललेले चित्र परत येते. त्यामुळे वेगाइतकेच स्थिर नेटवर्क महत्त्वाचे. लोकलमध्ये खेळणाऱ्यांना याचा फटका आधी बसेल. एन्व्हिडियाच्या जीफोर्स नाऊ सेवेच्या निकषांनुसार ७२०पी दर्जासाठी १५ एमबीपीएस वेग हवा. तो पूर्ण वापरला गेला तर रोजचा २ जीबी डेटा १८ मिनिटांत संपतो. डाऊनलोडही हलका नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला संगणकावर १५० जीबी जागा लागते. पण हा डेटा एकदाच खर्च होतो.

डाऊनलोड केला म्हणजे आपला झाला?

नाही. बहुतेक ठिकाणी विकला जातो तो फक्त वापराचा परवाना. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि पूर्ण पैसे मोजलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ‘हा परवाना आहे’ असे खरेदीवेळीच सांगणे बंधनकारक आहे. पागडीदाराच्या पाठीशी निदान भाडे नियंत्रण कायदा तरी आहे, मालकाला हिस्सा देऊन खोली दुसऱ्याच्या नावे करता येते. खात्यातला गेम सहसा विकताही येत नाही.

क्लाऊड म्हणजे तर अकरा महिन्यांचा करार. गुगलची ‘स्टेडिया’ १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली, तेव्हा गुगलने विकलेल्या गेमचे पैसे परत केले. प्रत्येक कंपनी तसे करेलच असे नाही.

मग घ्यायचे काय?

घरी चांगले वायफाय असेल आणि एखादा गेम महिनाभरात संपवायचा असेल, तर क्लाऊड परवडतो. वर्षानुवर्षे खेळायचा गेम मात्र इंटरनेटशिवाय चालणारा घ्यावा. ‘जीओजी’ हे संकेतस्थळ गेमचा इन्स्टॉलर स्वतःकडे जतन करू देते. इतरत्र पैसे भरण्याआधी ‘सतत ऑनलाइन राहणे आवश्यक’ अशी अट आहे का, ते पाहावे. ती बहुधा पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असते.